वीतभर मागे

माझ्या मेहुण्याने सिंगापूरहून आणलेली ती लेन्स मी पहिले तीन आठवडे कॅमेऱ्याला लावलीच नाही. व्यावसायिक छायाचित्रकार माणसांचे चेहरे टिपण्यासाठी वापरतात ती पंच्याऐंशी मिलिमीटरची, वन पॉइंट फोर. तिच्या पुढच्या काचेचा घेर आमच्याकडच्या आमटीच्या वाटीएवढा होता आणि वजन असे की कॅमेरा गळ्यात घातला की मान आपोआप खाली जायची. मेहुणा जहाजावर इंजिनिअर होता. दरवेळी तो काहीतरी अवाच्या सवा घेऊन येई आणि मग ती वस्तू मला शोभते कशी, हे मलाच पटवून देई.

"दाजी, तुम्ही अभ्यासू माणूस," तो म्हणाला. "आता जरा माणसांचे फोटो काढा. किती दिवस कोरफडीमागे लपणार?"

बोलला थट्टेने, पण त्यात खोटे काही नव्हते. चव्वेचाळीसाव्या वर्षी, त्याच्याच जुन्या कॅमेऱ्यावर, मी छायाचित्रण शिकू लागलो होतो. पुस्तके आणून, टिपणे काढून, एखाद्या परीक्षेला बसावे तसे. दोन वर्षांत कळंबोलीच्या आमच्या सोसायटीतल्या कुंड्या, कठड्यावरचे कावळे आणि पाण्याच्या टाकीवर पडणारे ऊन यांचे मी अनेक रोल भरले. माणूस मात्र एकही नाही. कुणासमोर उभे राहून "तुमचा फोटो काढू का?" असे विचारणे मला जमत नसे. तळोज्याच्या ज्या कारखान्यात मी प्रयोगशाळेचे काम पाहत होतो तिथेही एखाद्याला रजा नाकारायची असली तर मी चिठ्ठी लिहून पाठवत असे.

लेन्स मी स्टीलच्या डब्यात ठेवली होती. खाडीच्या दमट हवेने काचेवर बुरशी धरते असे वाचले होते, म्हणून प्रयोगशाळेतून आणलेल्या सिलिका जेलची पुरचुंडी तिच्या शेजारी असे. रोज संध्याकाळी डबा उघडून ते खडे निळेच आहेत ना, हे मी पाही. ओलावा शोषला की ते गुलाबी होतात. लेन्स बाहेर काढण्याची वेळ येऊ नये यासाठी माझ्याजवळ असे पुष्कळ सोपस्कार होते.

अखेर ती लावली तेव्हा तिचे वैशिष्ट्य मला कळले, आणि ते कळल्यावर मी अधिकच बिचकलो. तिचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाशासाठीचे छिद्र, पूर्ण उघडे ठेवले तर ती इतका प्रकाश आत घेते की संध्याकाळच्या सावलीतही फ्लॅश लागत नाही. परंतु त्याची किंमत तिथेच वसूल होते. समोरचा माणूस तीन हातांवर असेल तर चित्रात जेमतेम दोन बोटे जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट आले तर कान विरघळतात. नाकाचा शेंडा स्पष्ट आला तर डोळेच जातात. पोर्ट्रेटमध्ये बाकी काहीही गेले तरी चालते, डोळे जाऊन चालत नाही, असे पुस्तकात ठळक अक्षरांत छापले होते.

ते वाक्य मी वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. डोळे जाणे हा आमच्या घरात केवळ शब्दप्रयोग नव्हता.

माझे वडील साताऱ्याकडच्या एका गावी शाळामास्तर होते. पन्नाशीच्या आसपास गावात कुजबुज सुरू झाली की मास्तर मानी झाले. बाजूने कुणी नमस्कार केला तर पाहतसुद्धा नाहीत. वडिलांनी ही बदनामी मुकाट्याने सोसली, कारण खरे कारण सांगण्यापेक्षा ती सोसणे त्यांना सोपे वाटले. समोरचे त्यांना स्वच्छ दिसत होते. पेपरातले बारीक अक्षर ते वाचत होते. दोन्ही बाजूंनी मात्र काळोख हळूहळू आत सरकत होता, एखाद्या खोलीच्या भिंती जवळ याव्यात तसा. काचबिंदू. डॉक्टरांपर्यंत पोचले तेव्हा त्यांच्या वाट्याला किल्लीच्या भोकातून दिसावे एवढेच जग उरले होते, आणि पुढच्या चार वर्षांत तेही मिटले. शेवटच्या भेटीत डॉक्टर मला म्हणाले होते, "हे रक्तातून येतं. चाळिशीनंतर तुम्ही दरवर्षी तपासून घ्या." मी मान हलवली होती. चाळिशी उलटून सहा वर्षे झाली होती आणि वाचायच्या चष्म्याचा नंबर काढण्यापलीकडे मी कुठेही गेलो नव्हतो. तो चष्माही दुकानातच करून घेतला होता. दुकानदार डोळ्याच्या आत पाहत नाही म्हणून.

त्या लेन्सवर काढलेला पहिला रोल पनवेलच्या ज्या स्टुडिओत धुवायला दिला होता, त्याचा मालक माझ्याच वयाचा, बडबड्या माणूस होता. पाकीट काउंटरवर ठेवून त्याने फोटो पत्त्यांसारखे पसरले.

"साहेब, कोरफड एकदम टॉप आलीय," तो म्हणाला. "आणि हे साहेब कोण? ह्यांच्यावर काय राग आहे का तुमचा? पुसून टाकलंय माणसाला."

ते माझे प्रयोगशाळेतले सहकारी होते. मोठ्या मुश्किलीने मी त्यांना खिडकीशी उभे केले होते. सहा फोटोंपैकी सहाही फोटोंत त्यांचा चेहरा धुक्यात होता. एकात शर्टाच्या खिशाकडे आलेला हात तेवढा स्वच्छ होता, नखांसकट.

"लेन्स बिघडली असेल," मी म्हणालो.

त्याने लेन्स काढून दिव्यासमोर धरली, उलटसुलट फिरवून पाहिली. "हिच्यात काय नाय. झक्कास माल आहे. वय काय साहेब तुमचं?"

"शेहेचाळीस."

"मग चाळिशी लागली असेल."

"ती लागूनच आहे."

"मग पन्नाशी लागली असेल," असे म्हणून तो हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने हसू आवरले. "टेन्शन नका घेऊ. पण डोळे एकदा दाखवून घ्या."

पनवेलहून कळंबोलीपर्यंत रिक्षात मी एक डोळा झाकून दुकानांच्या पाट्या वाचत आलो. मग दुसरा झाकून वाचल्या. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा माझ्याकडे पाहिले.

त्या दिवसापासून माझ्या आयुष्यात एक गुप्त दिनक्रम शिरला. सकाळी उठल्यावर समोरच्या इमारतीच्या टाकीवर रंगवलेला आकडा डाव्या डोळ्याने वाचायचा, मग उजव्या. स्वयंपाकघराच्या दारातून भिंतीवरचे कॅलेंडर तसेच. कंपनीच्या बसमध्ये खिडकीकडे न पाहता खिडकीबाहेरचे काही दिसते का, याचा अंदाज घ्यायचा. लोखंड बाजाराकडे जाणारे ट्रेलर आमच्या रस्त्यावरून धडधडत जात. रस्ता ओलांडताना मी हल्ली इतका वेळ थांबे की मागची माणसे कुरकुरत पुढे होत. प्रयोगशाळेत ब्युरेटवरचे माप मी दोनदा वाची, आणि द्रावण गुलाबी झाले म्हणावे की नाही यावर घुटमळत राही. एकदा जिन्यात शेजारच्या बाईंनी डावीकडून हाक मारली आणि मी दचकलो. नुसता दचकलो, एवढेच. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या बाजूला होत्या हे मला आधी का दिसले नव्हते?

डॉक्टरकडे जाणे हा उपाय मला माहीत होता. मी तो करत नव्हतो. त्याऐवजी मी प्रयोग करू लागलो.

एक वही घातली. रकाने आखले: दिनांक, प्रकाश, अंतर, ॲपर्चर, फोकसचा बिंदू, निष्पत्ती. बाल्कनीच्या भिंतीला वर्तमानपत्राचे पान चिकटवून त्याचे फोटो काढले. आधी तिपाईवर कॅमेरा ठेवून, मग हातात धरून. छोट्या जाहिरातींतले अक्षरन् अक्षर आले. लाकडी पट्टी तिरकी ठेवून तिच्या दहाच्या आकड्यावर फोकस केला. दहाचा आकडाच स्पष्ट आला. कुंडी आली, कावळा आला, देव्हाऱ्यातली समई आली. माणूस मात्र येईना. सहकाऱ्याचे आणखी दोनदा फोटो काढले. ते वैतागले. "अहो, लग्नाच्या वेळीसुद्धा माझे एवढे फोटो निघाले नव्हते," असे म्हणाले. चेहरे पुन्हा धुक्यात. फोकस प्रत्येक वेळी डोळ्यांच्या पुढे, माझ्या बाजूला पडलेला.

इथे मला काहीतरी उमजायला हवे होते. चूक कधी इकडे, कधी तिकडे पडत असेल तर नजर अधू समजावी. पण ती नेहमी एकाच दिशेला पडत असेल तर दोष उपकरणात किंवा वापरणाऱ्याच्या सवयीत असतो. हे मी प्रयोगशाळेत नवख्यांना वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. स्वतःच्या बाबतीत मात्र मी निराळा निष्कर्ष काढला. छापील अक्षर काळे-पांढरे असते, ते कमजोर डोळ्यालाही सापडते. माणसाचा चेहरा सूक्ष्म छटांचा, तो सापडत नाही. सबब डोळा कमजोर आहे. वहीत तसे मी व्यवस्थित लिहून ठेवले. भीतीला तर्क उत्तम साधतो, फक्त आरंभ तिच्या सोयीचा असावा लागतो. आणि माझ्या रकान्यांत प्रकाश होता, अंतर होते, लेन्स होती. मी नव्हतो.

कारखान्याच्या फाटकाबाहेर, शिरीषाच्या झाडाखाली, जवळच्या नावडे गावची एक बाई भाजी घेऊन बसे. साठीची असावी. सगळे तिला मावशी म्हणत. कारखाना उभा आहे ती जमीन तिच्या सासऱ्याची होती, आणि हे ती कुठलाही राग न धरता, नुसती दिशा दाखवावी तसे सांगे: "तुजा बायलर हाय ना, तिथं माजी चिंच होती." ती सर्वांना अरेतुरे करी, जनरल मॅनेजरलाही. तिच्या बोलीत दुसरा प्रकारच नव्हता.

गळ्यात कॅमेरा असलेला मला पाहून तिनेच म्हटले, "सायेब, माजा फोटू कार की."

काढ म्हणायला ती कार म्हणे, पुढे म्हणायला फुरं. मला माणसाला विचारावे लागले नाही, हे मोठेच संकट टळले होते. मी तिचे फोटो काढले. पाच वाजता पाळी सुटताना झाडाखाली जो मऊ उजेड असतो, त्यासाठीच तर ती लेन्स होती. रोल धुऊन आला. तिच्या पुढे आलेल्या पदराचा काठ विणीसकट दिसत होता आणि चेहरा पाण्याखाली असल्यासारखा. मी तो फोटो तिला दाखवला नाही. दुसऱ्यांदा काढले, तेही तसेच. तिसऱ्यांदाही.

"कवा दावतंस माजा फोटू?" ती रोज विचारी.

"धुवायला दिलाय, मावशी."

"महिना जाला. माजं लुगरं पन येवरे दिस नाय लागत धुवाया."

शेजारचा पानवाला खिदळे. मी मान खाली घालून बसमध्ये चढे. तिला खोटे सांगतो आहे याची लाज वाटे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तिच्या त्या तीन धूसर चेहऱ्यांना मी पुरावा समजू लागलो होतो. मी ते कपाटात कागदपत्रांखाली ठेवले होते आणि पत्नी झोपली की काढून पाहत असे. वडिलांना आम्ही शेवटी शेवटी असेच दिसत असू का, असा विचार येई. मग लक्षात येई की आम्ही त्यांना दिसतच नव्हतो.

चौथ्यांदा मी टाळणार होतो. एका संध्याकाळी तिनेच हाक मारली. भाजी बरीचशी खपली होती. एक काकड्यांची पाटी तेवढी उरली होती. "ये इथं. आज नीट कार. नाय तर मेल्यावर माजा पोऱ्या कुनाचा तरी भलताच फोटू लावील भितीला," ती म्हणाली.

मी गुडघे किंचित वाकवून तिच्यासमोर उभा राहिलो. ती दगडावर ताठ बसली. लेन्सचे कडे फिरवत मी तिच्या उजव्या डोळ्याच्या पापणीवर आलो. पापणी स्वच्छ दिसली. श्वास रोखला, बटणावर बोट ठेवले.

"सायेब, तू मागं कनाला सरतंस?"

मी कॅमेरा खाली घेतला. "मागे? मी कशाला मागे सरेन?"

"मागं कनाला सरतंस? दर टायमाला बघतंय मी. पयलं मुंगीसारका फुरं फुरं येतंस, आनि खटका दाबाची येल आली का सरला मागं. मी काय चावनार हाय तुला?"

पानवाला म्हणाला, "खरं हाय साहेब. तुम्ही कोंबडीसारखी मान मागं घेता."

मी पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला आणि या वेळी चित्राकडे लक्ष न देता स्वतःच्या पायांकडे लक्ष दिले. पापणी स्पष्ट झाली. मावशी लेन्सच्या काचेतून सरळ माझ्याकडे पाहत होती. आणि त्याच क्षणी, कुणी छातीवर हलकेच तळवा ठेवून ढकलावे तसे माझे वजन टाचांवर गेले. खांदे मागे. मान मागे. कधी चार बोटे, कधी वीतभर. दोन बोटांच्या हिशेबाची ती लेन्स. मी तिला वीतभर मागे ओढत होतो आणि स्पष्टतेचा तो पातळ पट्टा माझ्यासोबत मागे येऊन तिच्या चेहऱ्यापुढच्या हवेत लटकत होता. भिंत, कुंडी आणि कावळा माझ्याकडे पाहत नसत. त्यांच्यापासून मी कधी मागे सरलो नव्हतो.

"मला कळतच नव्हतं," मी म्हणालो.

"थांब." ती उठली. काकड्यांची पाटी ओढत आणून तिने माझ्या टाचांना लावून ठेवली आणि पुन्हा दगडावर जाऊन बसली. "आता सर मागं. सगल्या काकऱ्या फुटतील."

मी फोकस केला. वजन मागे जाऊ लागले, पोटरीला पाटीची कड लागली, आणि मी थांबलो. त्यापूर्वी कुणाच्याही चेहऱ्यापुढे मी इतका वेळ इतक्या जवळ थांबलो नव्हतो. मला खरोखर भीती वाटली. कशाची ते सांगता येणार नाही. तिने डोळे हलवले नाहीत. मी बटण दाबले. असे आठ वेळा.

स्टुडिओवाल्याने त्यातला एक मोठा करून काउंटरच्या काचेवर ठेवला आणि विचारले, "हा कोणी काढला?" मावशीने पाहून विचारले, "ही म्हातारी कोन रं?" मग पदराने बोटे पुसून तिने तो फोटो दोन्ही हातांत धरला. तिच्या पापण्यांचे केस मोजता येत होते.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी सुटका झालेल्या माणसासारखा बसलो होतो. डोळे शाबूत होते. लेन्स शाबूत होती. तळोजा मागे पडले, कळंबोलीच्या इमारती दिसू लागल्या, आणि तेवढ्या अंतरात ती सुटका हळूहळू विरून गेली. कारण मी काही अडाणी नव्हतो. वडिलांचा आजार मी जवळून पाहिला होता. काचबिंदू समोरचे धूसर करत नाही. वडील आंधळे होईपर्यंत पेपर वाचत होते. मग मी गेले चार महिने धूसर फोटोंत काय शोधत होतो? मला वाटते, मी मुद्दामच चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. वही, पट्टी, वर्तमानपत्र यांनी तपासता येईल असा आजार मी स्वतःला लावून घेतला होता, म्हणजे ज्याला कुठल्याच वहीत जागा नव्हती त्या खऱ्या आजाराकडे पाहावे लागू नये. आता फोटो स्पष्ट आला होता, आणि डॉक्टरकडे न जाण्याला कारण उरले नव्हते.

जेवताना मी पत्नीला सांगितले. वडिलांच्या डॉक्टरांचे शब्द, सहा वर्षांची टाळाटाळ, सगळे. ती पोळी वाढत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"एक डोळा झाकून कॅलेंडर बघणारा माणूस चतुर्थी शोधत नसतो. वाट बघत होते, कधी बोलता त्याची." पोळी ताटात टाकून ती पुढे म्हणाली, "शनिवारी वाशीला जाऊ. मी येणारच आहे, नको म्हणू नका."

वाशीच्या डॉक्टरीणबाई मितभाषी होत्या. त्यांनी डोळे बधिर करणारे थेंब घातले, निळा दिवा बुबुळाला टेकवून आतला दाब मोजला आणि कागदावर आकडा लिहिला. तो मला उलटा वाचता येईना. "दाब थोडा जास्त आहे," त्या म्हणाल्या. "त्यावरून काही ठरत नाही. नजरेचा नकाशा काढू."

त्यासाठी एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या अर्धगोलासमोर बसवले. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकलेला, मध्यभागी पिवळ्या ठिपक्याकडे पाहत राहायचे आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातले बटण दाबायचे. दिवे कधी ठळक असत, कधी इतके मंद की दिसले की भासले ते कळत नसे. मी बटण दाबत होतो. दोन दिव्यांच्या मध्ये थोडा वेळ गेला की वाटे: सुटला एखादा. मग मी दाबून टाकी. खोलीभर माझ्या बटणाचा टकटक आवाज येत होता. वडिलांनी हे यंत्र पाहिलेही नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"नसलेल्या दिव्यांनाही बटण दाबलंत तुम्ही."

मी कागदाकडे वाकून पाहिले.

"बऱ्याच वेळा. शिक्षक आहात का?"

"नाही. वडील होते."

"हे बघा, इथे पास व्हायचं नसतं. जे दिसलं नाही, ते दिसलं नाही. तेच मला हवंय. खोटं दाबलंत तर मी तुम्हाला धडधाकट म्हणून घरी पाठवीन, मग पाच वर्षांनी तुमच्या ह्या मला शिव्या देतील." पत्नी दाराशी उभी होती; ती म्हणाली, "मी आत्ताच देईन." डॉक्टरीणबाई प्रथमच हसल्या. "अर्धा तास बाहेर बसा. पुन्हा करू."

दुसऱ्यांदा मी हनुवटी टेकवली. उजवा डोळा बरा गेला. मग डावा. दिवे खाली चमकले, बाजूला चमकले; मी दाबले. मग काही वेळ काहीच चमकले नाही. यंत्राच्या आत काहीतरी सरकल्याचा बारीक आवाज आला. म्हणजे दिवा लागला असणार. मी ठिपक्याकडे पाहत राहिलो. पुन्हा आवाज. वर कुठेतरी, नाकाच्या बाजूला, तो दिवा लागत होता आणि विझत होता, आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हता. अंगठा बटणावर होता. तो दाबणे किती सोपे होते, हे मी कुणालाही समजावून सांगू शकणार नाही. मी दाबला नाही. तिसरा आवाज झाला. तेव्हाही नाही.

डाव्या डोळ्याच्या नकाशात वरच्या बाजूला एक करडा डाग उमटला होता, करंगळीच्या नखाएवढा. डॉक्टरीणबाईंनी त्यावर पेन्सिलीचे टोक ठेवले. "सुरुवात आहे. गेलंय ते परत येणार नाही. राहिलंय ते बहुतेक राखता येईल. सकाळ-संध्याकाळ थेंब, जन्मभर. चुकवायचे नाहीत."

"बहुतेक," मी म्हणालो.

"बहुतेकच म्हणते मी सगळ्यांना."

"फोटो काढता येतील?"

"काढा की. दोन्ही डोळे उघडे असताना तुम्हाला हे जाणवणारही नाही. तीच तर ह्याची खोड आहे." त्यांनी चिठ्ठी फाडून पत्नीच्या हातात दिली, माझ्या नाही. "रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवून बघायची सवय लावा. आत्तापासून."

बाहेर ऊन होते आणि शेवटच्या तपासणीसाठी घातलेल्या थेंबांमुळे माझ्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. सगळे पांढरे, भाजून काढणारे दिसत होते. औषधाचे दुकान रस्त्यापलीकडे होते. पत्नीने माझा दंड धरला. मी मान वळवली, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. डावीकडून एक टेम्पो येत होता, बराच जवळ आलेला. तो मला आधी दिसला नव्हता, की मी आधी पाहिलेच नव्हते, हे काही केल्या ठरवता येईना.

"थांबा," पत्नी म्हणाली.

"दिसला मला," मी म्हणालो. मग जरा वेळाने म्हणालो, "आत्ता दिसला."

आम्ही तो जाऊ दिला.